पहिला ससाणा भैरोबाचा

अकराव्या सकाळीही बायजाक्का ढेबेनं वहीत शून्य लिहिलं आणि खाली वेळसरी बंदरात बहात्तर होड्या जागच्या जागी राहिल्या.

शून्याचा एवढा दरारा पूर्वी नव्हता. आपल्या पणज्यांच्या काळी हवेचा अंदाज सांगायला वर उपग्रह फिरत आणि खाली मोठमोठी यंत्रं आकडेमोड करत. लोक त्या अंदाजांची यथेच्छ टिंगल करायचे. छत्री घ्या म्हटलं की हटकून ऊन पडतं, वगैरे. पण समुद्रावर जाणारा माणूस टिंगल करत नसे. तो मुकाट ऐकायचा, कारण दहातले नऊ अंदाज खरे ठरायचे. मग समुद्र तापला. सकाळी आरशासारखं पाणी आणि दुपारी चक्रीवादळ, असले प्रकार अरबी समुद्रावर सुरू झाले. यंत्रांना जी हवा शिकवली होती ती हवाच उरली नाही. एकाची पत्रिका उघडून दुसऱ्याचं भविष्य सांगावं तशी गत झाली. एका दिवाळीत चारशे माणसं गेली, पुढच्या दिवाळीत सहाशे, आणि त्यानंतर किनाऱ्यावर कुणी यंत्राचं नाव काढलं तरी लोक अंगावर धावून येत.

तेव्हा कुणाचं तरी लक्ष ससाण्यांकडे गेलं.

हे ससाणे आपले नव्हेत, पाहुणे. सैबेरियाच्या बाजूनं निघतात आणि पार आफ्रिकेच्या दक्षिणेला जातात. वाटेत कार्तिकात सह्याद्रीच्या माथ्यावर टेकतात, चतुर आणि उडत्या वाळव्या खाऊन अंगावर चरबी चढवतात, आणि मग अरबी समुद्रावर झेप घेतात. तीन हजार किलोमीटर, तीन दिवस आणि तीन रात्री, मध्ये पाय टेकायला काडी नाही. पक्षी केवढा, तर दीडशे ग्रॅमचा. वाटेत वादळ भेटलं की संपलाच. म्हणून निघण्याआधी हवा ओळखणं हा त्याच्या जिवाचा प्रश्न असतो. त्याच्या मधल्या कानात एक बारीकशी पिशवी असते आणि तिच्यात केसांसारखे तंतू. हवेचा दाब किंचित बदलला तरी ते हलतात. शास्त्रज्ञांनी तिला वातकर्ण म्हटलं, वाऱ्याचा कान. समुद्रावर हजार किलोमीटर दूर वादळाची नुसती कुरबूर सुरू झाली तरी ससाण्याला ती कळते आणि तो झाडावर बसून राहतो. यंत्र चुकतं, ससाणा चुकत नाही. चुकणारे ससाणे केव्हाच मरून गेले.

मग काय, सरकारनं घाटमाथ्यावर ठिकठिकाणी मोजणीचौक्या बांधल्या. नियम अगदी सोपा ठेवला. एका सकाळी शंभरावर ससाणे कडा ओलांडून समुद्राकडे गेले की मोजणीदारानं तारेच्या फोनवरून बंदर कचेरीला एकच शब्द कळवायचा: 'सुटले'. ससाणे सुटले की हंगाम उघडला, होड्या सुटल्या. सत्तर वर्षं हे सुरळीत चाललं होतं, आणि सत्तर वर्षं सुरळीत चाललेल्या गोष्टीकडे कोण कशाला निरखून बघतो?

भैरोबाच्या टोकावरच्या चौकीत एकतीस वर्षं बायजाक्का मोजत होती. तिच्याआधी तिची सासू मोजायची. अक्का साठीची, काटक, डांगे धनगराची बाई. जीभ अशी की तिखटाची गरज नाही. पण डोळा असा, की वावटळीसारखा गरगरत वर चढणारा ससाण्यांचा भोवरा बघून ती सांगायची 'तीनशे चाळीस', आणि पुण्याहून आलेली माणसं छायाचित्रावर टिंब मोजून दमून म्हणायची, तीनशे अडतीस.

अकराव्या दिवशी वर चढून आली ती डॉ. हेमांगी रेगे. पक्ष्यांच्या कानांवर संशोधन करणारी, चाळिशीतली, धापा टाकणारी.

"या डाक्टरीणबाई, टेका," अक्का म्हणाली. "च्या कोरा हाय. शेळी आटलीया."

"चालेल अक्का. मला आधी पक्षी दाखवा."

"दाखवायला काय, कड्यावरनं वाकून बघा. पण पडू नगा, मला वर आणायला कोण न्हाई."

रेगेबाईंनी वाकून पाहिलं. ढगांची एक फळी दरीतून वर सरकत होती. कार्तिक असून हवा चिकट, कुंद, वाऱ्याचा ठिपूस नाही. ढग जरा बाजूला झाला आणि खालच्या उतारावरची झाडं दिसली. पानं झडून गेल्यासारखी काळी, आणि प्रत्येक फांदीवर दाटीनं ससाणे. हजारो. जुन्या विजेच्या तारांवरही रांगच रांग. एरवी ससाण्यांचा थवा म्हणजे बाजार, किचकिच नुसती. इथं आवाज नव्हता. एकही पक्षी चोच साफ करत नव्हता, भांडत नव्हता. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या होत्या, पश्चिमेला आणि थोड्या खाली.

"असेच बसतात?" त्यांनी आवाज नकळत खाली आणला होता.

"अकरा दिस झालं. खायाला उठत्यात, दोन चतुर मारत्यात, की परत तसंच. मला तर बाई भ्या वाटाया लागलंय. एकतीस वर्सांत कधी पाखराचं भ्या वाटलं न्हाई, खोटं कशाला बोलू."

रेगेबाई आल्या होत्या त्यांच्या एका कोड्यापायी. उन्हाळ्यात, परतीच्या वाटेवर मेलेले तीन ससाणे त्यांच्याकडे आले होते. कान उघडून बघितले तर वातकर्णाच्या जागी सुकलेला, राईच्या दाण्याएवढा खडा. तंतू नाहीतच. त्यांना वाटलं, काही रोग असेल. म्हणून यंदा नऊ ससाण्यांच्या पाठीवर त्यांनी बारीक खूणयंत्रं बसवली होती आणि चौकीच्या खांबावर ती ऐकणारी तार लावायला त्या जातीनं आल्या होत्या. तार लागली. हातातल्या पाटीवर नऊ हिरवे ठिपके उमटले, नऊही खालच्या झाडीत.

"म्हणजे वादळ येतंय, म्हणून बसलेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पण अकरा दिवस कुठलं वादळ वाट बघतं?"

त्या रात्री त्या चौकीतच राहिल्या. सकाळी सातला अक्कानं त्यांना हलवून उठवलं. चूल पेटलेली होती. अक्का भाकरीचा एक चतकोर घेऊन कड्याकडे निघाली, तशा रेगेबाई मागोमाग गेल्या.

दरीतून एक ससाणा वर येत होता. एकटाच. पंख न हलवता तो चौकीच्या वर आला, आणखी वर गेला, गेला, गेला, आणि उंचावर त्यानं संथ गोल फेरा धरला. अक्कानं भाकरी भैरोबाच्या दगडावर ठेवली आणि हात जोडले. सातआठ मिनिटं ससाणा घिरट्या घालत होता. मग पंख आवळून सरळ खाली झाडीत उतरला. अक्का आत आली, वही उघडली आणि बाराव्या दिवसापुढं शून्य लिहिलं.

"अक्का, हे काय? एक लिहा की!"

"एक कशाचा?"

"आत्ता वर आला तो?"

"तो? आवं तो पहिला. पहिला ससाणा भैरोबाचा. तो मोजायचा नसतो." लहान पोराला सांगावं तशी अक्का म्हणाली. "सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. देवाचं देवाला ठेवायचं आन् दुसऱ्यापासनं आपलं धरायचं."

"म्हणजे सत्तर वर्षांच्या वह्यांमध्ये पहिला पक्षी कुठेच नाही?"

"कसा असंल?"

डोक्याला हात लावायची वेळ होती. पुण्यात त्या वह्यांवर तीन प्रबंध झाले होते, त्यातला एक खुद्द रेगेबाईंचा. कुणालाही ठाऊक नव्हतं की रोज एक पक्षी आधी येऊन बघून जातो. कुणी विचारलंच नव्हतं, आणि जे विचारलं नाही ते अक्का का सांगेल?

"रोज येतो हा?"

"यंदा रोज येतोय, बारा दिस. एरवी येकदाच येतो. पहिला आला की तासाभरात थवा सुटतोच. सासूच्या टायमाला असं नव्हतं हां. तवा पहिला येऊन गेला की थवा कधी दोन दिसांनी, कधी आठवड्यानं. माझ्या टायमाला आपलं झटपट."

रेगेबाई थांबल्या. "केव्हापासून झटपट?"

अक्कानं बोटांवर मोजलं. "बिरूनं होडी घेतली तवापासनं म्हणा. एकोणीस वर्सं."

"बिरूचा काय संबंध?"

अक्का चुलीपुढं बसली आणि उगाच लाकूड पुढं सारलं. संबंध होता. बिरू तिचा एकुलता लेक. शेळ्या सोडून खाली दर्यावर गेला, कोळ्याची पोर केली, बंदरात त्याची स्वतःची होडी. जाताना त्यानं आईला सादघंटी दिली होती. सादघंटी म्हणजे काडेपेटीएवढी डबी, ती जोडीनं मिळते. एकीचं बटण दाबलं की दुसरी वाजते, बस्स. बोलणं नाही, अक्षर नाही. तिची लहर इतकी लांब नि आळशी असते की डोंगर, ढग, समुद्र काही तिला अडवत नाही, पण त्या बदल्यात ती वाहून नेते ते एवढंच. मायलेकरांत ठरलं होतं, पहिला ससाणा आला की अक्कानं एक घंटी द्यायची. म्हणजे, पाहुणा आला रे, तयारीत राहा.

"मग तो आपला होडी खाडीतनं काढून मुखाशी नेऊन उभी करायचा. सुटलेचा फोन गेला की पहिला नंबर त्याचा. बाकीचे बी त्याला बघून मागनं यायचे. कुणाला सांगू नगा हां, कचेरीवाल्यांना न्हाई ठावं."

"आणि यंदा घंटी दिली नाहीत."

"न्हाई दिली." अक्का म्हणाली. "चैतात आला हुता मला खाली न्यायला. म्हनला, म्हातारी झालीस, चल. मी म्हनलं, मोजणी कोण करंल? तर म्हनतो कसा, तुला माणसापरीस पाखरं जवळची. मी बी बोलले, जवळचीच हायती, तू पुन्ना वर येऊ नगंस. तो बी माझाच. आला न्हाई. आठ म्हैनं झालं." तिनं फळीवरचा डबा काढला. आत धडुत्यात गुंडाळलेली सादघंटी होती, रोज पुसल्यासारखी चकचकीत. "मरणाची याद येती हो त्याची. पण मी कशी आधी देऊ?"

रेगेबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या दुर्बीण घेऊन बाहेर पळाल्या होत्या. ढगाला एक भोक पडलं होतं आणि त्यातून पस्तीस किलोमीटरवरचा समुद्र दिसत होता, खाडीचं मुख दिसत होतं, सुईच्या नेढ्याएवढं. माणसाला दुर्बिणीतून दिसतं ते उंचावरच्या ससाण्याला नुसत्या डोळ्यांनी दिसतं. होडी मुखाशी वळली की पाण्यावर पांढरी रेघ उमटते. आणि खाली झाडीतले हजारो ससाणे माना वळवून बघत होते ते समुद्राकडे नव्हे.

"अक्का," त्या परत येऊन म्हणाल्या, "तो पहिला भैरोबाचा वगैरे नाही. तो टेहळ्या आहे. तो बंदर बघायला येतो. होड्या हलल्या का ते बघतो."

"पाखराला होड्यांशी काय करायचंय?"

"तेच तर. समजा तुमची शेजारीण रोज पाणी कधी येणार ते बरोबर सांगते. तुम्ही नळाशी जाऊन बघाल?"

"कशाला बघंन? तिचा हंडा निघाला की माझा निघंल."

"तसंच. होड्या सुटल्या की हवा चांगली असते, हे पक्ष्यांना पिढ्यानपिढ्या दिसतंय."

"आवं पण होड्या तर त्यांना बघून सुटत्यात!"

"हो," रेगेबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. शास्त्रज्ञाला नवी गोष्ट सापडली की तो जरा वेडाच होतो, त्याला त्या घटकेला दुसरं काही दिसत नाही. "पण हे सिद्ध करायला हवं. अक्का, एक घंटी द्या."

"आत्ता?"

"आत्ताच. बिरू होडी मुखाशी नेईल. फक्त मुखाशी! पुढं जाणार नाही, कारण 'सुटले' म्हणायचं तुमच्या हातात आहे, आपण म्हणायचंच नाही. मला एवढंच बघायचंय, की पहिला ससाणा पुन्हा वर येतो का आणि काय करतो."

शहाणी बाई, पण इथं तिचं चुकलं. आणि अक्काचंही चुकलं, कारण तिला आठ महिने त्या बटणावर अंगठा ठेवायला निमित्त हवं होतं ते मिळालं. सरकारी कामच आहे, आपण थोडंच वाकलो, असं तिनं मनाला समजावलं आणि बटण दाबलं. डबीत कुठंतरी टिक झालं. अक्कानं ती डबी दोन्ही हातांत धरून छातीशी नेली.

वीस मिनिटांनी खाडीच्या मुखाशी पांढरी रेघ उमटली.

"निघाला गं बाई माझा," अक्का म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "रागात न्हाई तो. बघा, लगीच निघाला."

मग दुसरी रेघ. तिसरी. बारा दिवस कोंडलेल्या होड्या, बिरूला बघून एकामागोमाग एक हलल्या.

पहिला ससाणा वर आला. ह्या वेळी त्यानं फेरा धरला तो अर्धाच. अर्ध्यावर तो थबकला, किंचाळला आणि दगडासारखा खाली पडत गेला. क्षणभर काहीच झालं नाही. मग उतारावरची सगळी काळी झाडं हलली.

अक्कानं थवे पुष्कळ पाहिले होते, पण भोवरा करून, गरम हवेवर तरंगत, निवांत वर चढणारे. हा थवा चढला नाही. तो कड्यावरून सरळ आला, चौकीच्या छपराला घासत, पंखांचा नुसता सोसाटा, एकाच्याही तोंडातून आवाज नाही. उजेड गेला. कोंबड्या खुराड्यात शिरल्या. अक्काच्या तोंडून सवयीनं आकडा निघेना. पंधरा मिनिटं ते जात होते. संपले तेव्हा झाडांवर एक पान नव्हतं, एक पक्षी नव्हता. होता तो फक्त एक. पहिला. तो कड्यावरच्या वठलेल्या जांभळीवर येऊन बसला होता.

"हा का नाही गेला?" रेगेबाईंनी विचारलं.

"मला काय ठावं? मी त्याला मोजतच न्हाई, तर तो कधी जातो ते कसं सांगू?"

रेगेबाईंनी तारेचा फोन उचलला, पण अर्धा तास वाजवल्यावर कुठं पलीकडून कुणी घेतला. बंदर कचेरीत मोरेश्वर तांडेल म्हणून कारकून होता.

"मी भैरोबाच्या टोकावरून बोलतेय. इशारा दिलेला नाही. ऐकताय ना? 'सुटले' नाही. होड्या मुखाशीच थांबवा."

पलीकडून हसण्याचा आणि फटाक्यांचा आवाज आला. "काय बाई थट्टा करताव! डोक्यावरून गेलं ना आमच्या! आख्खा आभाळ काला झाला. आता इशारा कशाला पायजे? गेल्या होड्या. सगल्या गेल्या."

"अहो, पण आम्ही सांगतोय, थांबवा!"

"बाई, आजवर तुमी ससाण्यांचाच ऐकून आमाला सांगायचा ना? आज आमी थेट त्यांचा ऐकला." आणि त्यानं फोन ठेवला. त्याचं काय चुकलं?

अक्का रेगेबाईंच्या तोंडाकडे बघत होती. "एवढं काय झालं? हवा बरी हाय म्हणूनच गेले न्हवं ते?"

रेगेबाई खाली दगडावर बसल्या आणि मेलेल्या तीन ससाण्यांच्या कानांतल्या त्या राईच्या दाण्याएवढ्या खड्यांचं त्यांनी अक्काला सांगितलं. "अंधाऱ्या गुहेतल्या पाण्यात पिढ्यानपिढ्या राहिलेले मासे असतात, अक्का. त्यांना डोळे नसतात. कुणी फोडले नाहीत. लागत नाहीत म्हणून गेले. वापरायचं नाही ते अंग शरीर पोसत नाही. सत्तर वर्षांपूर्वी ससाण्यांना ऐकू येत होतं, म्हणून माणसांनी त्यांचं बघून होड्या सोडल्या. मग तरणे ससाणे होड्या बघून सुटायला लागले. आपलं डोकं वापरणारे आणि होड्या बघणारे दोघंही सारखेच सुखरूप. हळूहळू ऐकणारे कमी झाले. मला वाटलं, त्या तीन पक्ष्यांना रोग आहे. रोग नाही. तसेच आहेत ते सगळे."

"म्हणजे त्यांना बी कळत न्हाई?"

"नाही."

"आन् आपल्याला बी न्हाई."

"नाही."

"मग एकोणीस वर्सं त्यांना सोडीत कोण हुतं?"

रेगेबाई तिच्या हातातल्या डबीकडे बघत राहिल्या. अक्काला कळायला वेळ लागला नाही. "अगं आई गं," ती म्हणाली. "मी सोडीत हुते. भाकरीचा चतकोर ठेवून मी सोडीत हुते. आन् समद्यांना वाटायचं पाखरं सांगत्यात. कसं हो वाचवलं देवानं इतकी वर्सं?"

देवानं म्हणा, नशिबानं म्हणा. एकोणीस वेळा नाणं उडवलं आणि एकोणीस वेळा छापा पडला. नाण्याला ते माहीत नसतं.

दुपार झाली. ढग विरले आणि समुद्र लख्ख दिसायला लागला, तेल ओतल्यासारखा सपाट. अक्कानं चूल पेटवली नाही. रेगेबाई पाटीवरच्या नऊ ठिपक्यांवर नजर लावून होत्या. ससाणा ताशी पन्नास किलोमीटरनं उडतो. सकाळी सुटलेला थवा दोनपर्यंत तारेच्या टप्प्याबाहेर जायला हवा होता. तीन वाजले, चार वाजले, ठिपके टप्प्यातच. ते सावकाश सरकत होते, होडीच्या चालीनं. मग ते थांबले आणि एकाच जागी गोल फिरू लागले.

"हे काय करत्यात?"

"होड्यांनी जाळी टाकली असतील. म्हणून तेही थांबलेत. ते आफ्रिकेला निघालेलेच नाहीत, अक्का. ते होड्यांच्या डोक्यावर आहेत."

अक्कानं फोन खेचून घेतला. मोरेश्वरला तिनं अशा काही शिव्या घातल्या की त्यानं मुकाट्यानं फोनचा कर्णा होड्यांशी बोलायच्या कचेरीतल्या रेडिओला लावून दिला. खरखर झाली, आणि त्यातून आठ महिन्यांनी लेकाचा आवाज आला.

"आये? आये, तू हायस?"

"बिरू, माघारी फीर. आत्ताच्या आत्ता होडी वळव."

"अगं का? आये, घंटी वाजली तवा मला काय वाटलं सांगू? बायकोला म्हनलं, म्हातारी निवली बघ. परवा मासळी घिऊन वर येतो, तू—"

"बिऱ्या, गप! वळव म्हंते ना! पाखरांना काय कळत न्हाई रं. बहिरी झालीती ती. तुमच्याकडं बघून आलीती!"

बिरू हसला. प्रेमानंच हसला. "आये, तू एकतीस वर्सं त्यांच्यापायी डोंगर सोडला न्हाईस, आन् आता म्हंतीस त्यांना कळत न्हाई? वर बघ म्हनावं, आभाळ भरलंय नुसतं. कशाला जीव टांगतीस? त्ये वळले की आमी बी वळतो. लगीच. समद्यांचं ठरलंय तसं."

त्याच्या पुढच्या शब्दावर रेडिओ कडाडला. एकदा, मग सारखा. दूर कुठंतरी वीज पडली की रेडिओत असा आवाज येतो. मोरेश्वर पलीकडून हॅलो हॅलो करत राहिला, आणि मग तारेचा फोनही बंद पडला.

पश्चिमेला, समुद्र संपतो तिथं, शाईच्या बोटानं ओढावी तशी एक रेघ दिसत होती. मघा ती नव्हती.

पाटीवर ठिपके फिरत होते.

"त्यांना दिसत असंल की ती रेघ," अक्का म्हणाली. "पाखरांना. माणसांना बी."

"दिसत असेल. पण पक्षी खाली बघतायत, होड्या वळतात का. आणि माणसं वर बघतायत."

"मग वळंल कोण?"

"एक होडी वळली तर थवा वळेल. थवा वळला की सगळ्या होड्या वळतील. एकच पुरे, अक्का. पहिली."

फोन मुका होता. रेडिओ गेला होता. ढग, वीज, समुद्र यांपैकी काहीही जिला अडवत नाही अशी एकच गोष्ट त्या कड्यावर होती, आणि ती अक्काच्या हातात होती. आत्ता बटण दाबलं तर पन्नास-साठ मैलांवर, लेकाच्या खिशात, दुसरी डबी नक्की वाजणार होती. तो हात आत घालणार, ती डबी ओळखणार आणि खूष होणार. कारण एकोणीस वर्षांत त्या घंटीचा त्या दोघांत एकच अर्थ होता. तयारीत राहा, पाहुणा आला, जा.

"दोन येळा दिली तर?" अक्का म्हणाली. "चार येळा? धा येळा?"

दोनदा म्हणजे काय, ते मायलेकरांनी कधी ठरवलंच नव्हतं. चारदा ऐकून तो घाबरेल, की आईला भरून आलंय म्हणून आणखी पुढं जाईल, हे कोण सांगणार?

"तुमी शिकलेल्या हाईसा," अक्का म्हणाली, आणि आता ती सरळ रडत होती. "सांगा की. दाबू, का नगं?"

जांभळीवरचा पहिला ससाणा इतका वेळ समुद्राकडे तोंड करून बसला होता. त्यानं मान वळवली. बंदराकडे नाही, होड्यांकडे नाही. तो अक्काच्या अंगठ्याकडे बघत होता, ती काय ठरवते ते कळावं म्हणून.